डाव्या टोकाची जागा

दर सोमवारी सकाळी सहाला कोच बॅस्किन आपल्या खोलीच्या दारावर एक कागद डकवत. कागदावर पाच रकाने, रांगेतल्या पाच जागांचे, आणि प्रत्येक रकान्यात नावांची उतरंड. सगळ्यात वरचं नाव पहिल्या फळीतलं. त्याखालचं दुसऱ्या फळीतलं. त्याहून खालच्यांनी चष्मा लावून शोधावं. टॉलिव्हर कॉलेजचा सगळा फुटबॉल, हातांनी चेंडू फेकत धडकाधडकीनं खेळायचा अमेरिकी, त्या कागदावर चालायचा. तीनतीनशे पौंडांची पोरं, सकाळच्या वर्गाला ज्यांना ढकलून उठवावं लागे ती, सोमवारी मात्र तोंड न धुता त्या दारापाशी हजर असत.

कॉर्डेल विंबुशचं नाव तीन वर्षं डाव्या टॅकलच्या रकान्यात दुसरं होतं.

डावा टॅकल म्हणजे रांगेच्या डाव्या टोकाचा गडी. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक उजवीकडे वळला की त्याची पाठ डावीकडे उघडी पडते, आणि ती पाठ राखायची या गड्यानं. चांगली राखली तर कुणी नाव घेत नाही. एकदा चुकला की हार्लन्स फेरी गावातली न्हाव्याची दुकानंसुद्धा महिनाभर तेच बोलतात. कॉर्डेलला हे काम आवडायचं. दुसऱ्याची पाठ राखण्यात त्याला काहीतरी देवाचं वाटायचं, पण हे तो कुणाला सांगत नसे. पोरं हसली असती.

त्याच्या वरचा गडी, धिप्पाड हॉलोमन, डिसेंबरात पदवी घेऊन गेला. जागा मोकळी झाली. येणारा हंगाम कॉर्डेलचा शेवटचा. पुढं कुणी मोठा संघ त्याला बोलावणार नव्हता, हे त्यालाही माहीत होतं. त्याला हवे होते ते फक्त शरद ऋतूतले दहा शनिवार. त्याची आई, अर्नेस्टीन, आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि शनिवारी स्टेडियमच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसायची. तीन वर्षं तिनं लेकाला मैदानाच्या काठावर उभं राहून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवताना पाहिलं होतं. दहा शनिवार तिनं त्याला आत पाहावं, एवढंच.

आता त्या जागेवर डोळा असलेला दुसरा गडी एकच होता, लॅमॉन्ट स्टिंसन. दोन वर्षांपूर्वी ओहायोतल्या दुसऱ्या कॉलेजातून आलेला. हात असे झटपट की समोरच्याला कळायच्या आत छातीवर बसलेले, पण डोकं विसरभोळं. रांगेत कुणी कुणाला अडवायचं याच्या खुणेच्या आरोळ्या त्याच्या लक्षात राहत नसत. पहिल्याच वर्षी घरच्या आठवणीनं रडकुंडीला आलेला तो कॉर्डेलनं पाहिला आणि रविवारी आईकडे जेवायला नेला. तेव्हापासून अर्नेस्टीनच्या टेबलाशी तिसरी खुर्ची लॅमॉन्टची. तो तिला मिस अर्नेस्टीन म्हणायचा आणि तिच्या मक्याच्या पावाचे चार तुकडे खायचा.

"दोघांत एकच जागा आहे ना रे?" ती एकदा म्हणाली. "मग एकानं कमी जेवा."

"मिस अर्नेस्टीन, ज्याला जागा मिळेल तो भांडी घासेल," लॅमॉन्ट म्हणाला.

"म्हणजे कॉर्डेलनंच घासायची. जागा मिळो न मिळो, तोच घासतो."

वसंतातला सराव मोजून पंधरा दिवसांचा, तेही आठवड्यातले तीन-चारच दिवस. परका संघ नाही, सामना नाही. आपलेच आपल्यांवर धावून जायचे, आणि शेवटी एका शनिवारी गावासमोर आपापसातला खेळ. सहा दिवस झाल्यावर कागदावर कॉर्डेलचं नाव सगळ्यात वर आलं. त्यानं ते तीनदा वाचलं. फोटो काढून आईला पाठवला. आईनं उत्तरात नुसती हात जोडलेली सात चित्रं पाठवली.

सातव्या दिवशी, गुरुवारी, एकमेकांवर पडलेल्या पोरांच्या ढिगाऱ्यात कुणाचा तरी देह त्याच्या डाव्या पायावर कोसळला. गुडघा आतल्या बाजूला वळला. वेदना अशी उठली की डोळ्यांसमोर पांढरं झालं, पण तो सगळ्यांच्या आधी उठून उभा राहिला. कोच बॅस्किनचा एक नियम सगळ्यांना पाठ होता: जो मैदानाबाहेर, तो कागदाबाहेर. फिजिओ मिस ट्रॅमेल जवळून गेली, "सगळं ठीक?" म्हणाली. "एकदम," तो म्हणाला. शनिवारचा सराव त्यानं गुडघ्यावर पट्टी आवळून, वरून लांब मोजे चढवून काढला. लॅमॉन्टलासुद्धा सांगितलं नाही.

आईपासून मात्र लपलं नाही. शनिवारी दुपारी तो तिच्या घराच्या पायऱ्या उतरला, कठड्याला धरून, एकेक पाय जोडत. ती दारात उभी राहून बघत होती.

"कधीपासून?"

"काही नाही, आई."

"मी कधीपासून म्हटलं. आहे का नाही, ते नाही विचारलं."

मग त्यानं सांगितलं. आणि वचन घेतलं, कुणाला सांगायचं नाही. सात दिवस राहिलेत. सात दिवस ओढले की जागा पक्की.

"कुणाला म्हणजे कुणाला नाही," अर्नेस्टीन म्हणाली.

पण देव म्हणजे कुणी नव्हे, असा तिचा हिशेब. माउंट गिलियड चर्चच्या दाराशी एक छोटं टेबल असतं. त्यावर चिठ्ठ्या आणि पेन्सिली. ज्याला जे मागायचं ते लिहावं, पांढरे हातमोजे घातलेल्या सिस्टर पर्लीच्या हाती द्यावं, आणि रेव्हरंड ते सगळ्यांसमोर देवापुढं मांडतात. ज्याला बोभाटा नको तो नुसतं 'मनातलं' एवढंच लिहितो. मग रेव्हरंड म्हणतात, "सिस्टर अमुक यांचं मनातलं," आणि सगळे "आमेन" म्हणतात. अर्ध्या चिठ्ठ्या तशाच असतात. अर्नेस्टीनला ही पद्धत कधी पटली नाही. देवाला सगळं कळतं हे खरं, पण मागणाऱ्यानं तरी अंग चोरू नये, असं ती म्हणायची. तिनं चिठ्ठीवर लिहिलं: माझ्या कॉर्डेलचा डावा गुडघा, आतली बाजू.

रेव्हरंड स्टॉलवर्थ पंचाहत्तरीचे, काटकुळे. त्यांचं प्रवचन सुरू व्हायचं ते एखाद्यानं घरचं पत्र वाचावं तसं, बारीक आवाजात, मधूनच चष्मा पुसत. त्या रविवारी ते म्हणाले की देवानं माणसाला पाय दिला तो सरळ दांड्यासारखा का नाही दिला, यावर त्यांनी आठवडाभर विचार केलाय.

"सावकाश, रेव्हरंड!" मागून म्हातारी युला मे ओरडली. "घाई नको!"

"मध्ये एक सांधा दिला," रेव्हरंड म्हणाले. "चालायला? हरणालाही आहे. पळायला? सशालाही आहे."

"बोला!"

"मला वाटतं... मला वाटतं, लेकरांनो..." आणि इथं आवाजाला पहिला सूर लागला. ऑर्गनवाल्यानं तो अलगद झेलला, खालून एक पट्टी दाबून धरली. "माणसाला दिला तो टेकायला!"

मग ते बोलेनात, गाऊ लागले. एक ओळ त्यांची, एक ऑर्गनची. श्वास घेताना छातीतून एक घरघर निघायची आणि तीसुद्धा तालात. गुडघा टेकला की कंबर वाकते, कंबर वाकली की मान वाकते, मान वाकली की... "हो, देवा!" म्हणत अख्खं चर्च उठून उभं राहिलं. बायकांचे पंखे थांबले. ढोलकऱ्यानं ठेका धरला. कॉर्डेल दुखरा पाय विसरून उभा होता, टाळ्या वाजवत होता. लहानपणापासून त्याला जगात यापेक्षा गोड काही माहीत नव्हतं. सूर असा चढत होता की वाटावं आता छप्पर निघेल. आणि त्याच टिपेला रेव्हरंडांनी हातातल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं, आणि गाण्यातच गायले:

"आज एका आईची चिठ्ठी आलीय, देवा... सिस्टर विंबुशच्या लेकाचा... डावा गुडघा, देवा... आतली बाजू, देवा... हात लाव!"

"हात लाव!" दीडशे गळे म्हणाले.

कॉर्डेलही म्हणाला. तोंडातून शब्द गेल्यावर त्याला कळलं, काय म्हणालो. टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. शेजारी लॅमॉन्ट उभा होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यानं आपला भला मोठा तळवा कॉर्डेलच्या पाठीवर ठेवला आणि डोळे मिटून ओठ हलवत राहिला.

जेवताना कॉर्डेल आईशी धड बोलला नाही. ती कोंबडीचा रस्सा वाढत होती, तो 'पुरे' म्हणत होता. ती मागच्या दारी कचरा टाकायला गेली तेव्हा लॅमॉन्टनं हळूच विचारलं, "किती दुखतो रे?"

"खेळतोय ना मी."

"ते नाही विचारलं."

"थोडा. तू कुठं बोलणार नाहीस ना?"

"मी?" लॅमॉन्टनं चमचा खाली ठेवला. "अरे, कुणाच्या घरी बसून जेवतोय मी? मला काय समजतोस?"

जाताना अर्नेस्टीननं त्याला नेहमीप्रमाणे चांदीच्या कागदात ताट बांधून दिलं. कॉर्डेल तोवर सोफ्यावर पाय वर घेऊन पडला होता. स्वयंपाकघरात दोघं काहीतरी हळू बोलत होती. त्याला वाटलं, आई पोराला आणखी चार पाव कोंबतेय.

सोमवारी सहाला कागदावर डाव्या टॅकलच्या रकान्यात वर स्टिंसन होतं. खाली विंबुश, आणि त्यापुढं लाल पेन्सिलीची फुली.

दारापाशी गर्दी होती, पण कुणी थट्टा केली नाही. त्यावरूनच त्याला कळलं की सगळ्यांनी वाचलंय. कोच बॅस्किन दारात आले.

"फिजिओकडे जा."

"कोच, मला काही झालेलं नाही."

"उकिडवा बस बघू."

तो बसू शकला नाही. अर्ध्यातच पाय थरथरला.

"कोच, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माउंट गिलियडवाल्यांनी," कोच म्हणाले. "तुझ्यासाठी प्रार्थना करतात म्हणे तिथं. चांगली गोष्ट आहे. पण मला चर्चमधून कळावं आणि तुझ्याकडून कळू नये? तीन वर्षं झाली पोरा आपल्याला."

मिस ट्रॅमेलनं गुडघा दाबला, वाकवला, फिरवला, मग यंत्राखाली घालून पाहिला. आतली शीर ताणलीय, तुटलेली नाही. दहा दिवस विश्रांती.

"गुरुवारीच आला असतास तर पट्टी बांधून, हलकं काम देऊन तुला या आठवड्यात मैदानावर ठेवला असता," ती म्हणाली. "आणि काल रात्री नाहीतर आज पहाटे मला कुणी सांगितलं असतं तरी मी आधी तुला पाहिलं असतं, मग बोलले असते. माझं पाहणं होईपर्यंत मी कोचला अक्षर सांगत नाही. पण आता कोचनंच तुला पाठवलंय. कागद तर लागलाय."

दहा दिवस म्हणजे वसंत संपला.

तो तसाच बसच्या आगारात गेला. अर्नेस्टीन दुपारच्या फेरीआधी बसच्या काचा पुसत होती. तिनं त्याला लंगडत येताना पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं.

"गेली," तो म्हणाला. "जागा गेली."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"डॉक्टरचं सोड! 'मनातलं' एवढा एक शब्द लिहिता आला नाही तुला? अख्ख्या चर्चला माझा गुडघा गायला लावलास, आतल्या बाजूसकट! तुला म्हटलं होतं, कुणाला नाही. कुणाला नाही म्हणालीस तू!"

ती गप्प. दोन ड्रायव्हर बायका लांबून बघत होत्या.

"तीन वर्षं थांबलो मी. एका चिठ्ठीत घालवलंस."

"शीर तुटलीय का?" एवढंच तिनं विचारलं.

"नाही. नुसती ताणलीय. तेवढ्यासाठी."

अर्नेस्टीन मटकन बसच्या पायरीवर बसली आणि तोंडावर हात ठेवला. त्याला वाटलं, लाज वाटतेय. तो वळून निघून आला. त्यानंतर दहा दिवस तिच्याशी बोलला नाही. फोन वाजायचा, तो बघत राहायचा.

लॅमॉन्ट मात्र रोज संध्याकाळी त्याच्या खोलीवर यायचा, वही घेऊन. "कॉर्डेल, ते समोरचे दोघं सरकले की मी काय ओरडायचं?" आणि कॉर्डेल पलंगावर बर्फाची पिशवी गुडघ्याला बांधून त्याला शिकवायचा. मीठदाणी आणि बाटल्यांची झाकणं मांडून दाखवायचा. हा टॉलिव्हरचा रिवाज होता, बसलेल्यानं उभ्याला शिकवायचं. कॉर्डेलनं रिवाजापेक्षा जास्त केलं. तीन वर्षांत काठावर उभं राहून त्यानं जे जे पाहिलं होतं, कोणता गडी पाय टाकण्याआधी खांदा पाडतो, कोणता डोळ्यांनी दिशा सांगतो, ते सगळं त्यानं त्या वहीत उतरवून दिलं. जागा माझी नाही तर निदान माझ्या माणसाची होऊ दे, असं त्याला वाटायचं.

मधला रविवार आला. कॉर्डेल चर्चला गेला नाही. लॅमॉन्ट गेला. दुपारी परत आला तो चांदीच्या कागदातलं ताट घेऊन.

"मिस अर्नेस्टीननं तुझ्यासाठी दिलंय."

"तूच खा."

"विचारत होत्या तुला. डोळे सुजलेत त्यांचे."

"सुजू देत. तिनंच केलंय."

लॅमॉन्ट दारात उभा राहिला. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग म्हणाला, "थंड होण्याआधी खाऊन घे," आणि गेला.

पुढच्या बुधवारी सराव संपता संपता कोच बॅस्किन त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. लॅमॉन्ट समोर आरोळ्या देत होता, मोठ्यानं आणि अचूक.

"तू शिकवलंस त्याला. दिसतंय मला," कोच म्हणाले. "असे दोस्त मिळत नाहीत. तो तुझा आणि तू त्याचा. त्या रविवारी संध्याकाळी माझ्या दारात उभा, हातात तुझ्या आईच्या हातचं ताट. म्हणाला, कोच, मला राहवत नाही, कॉर्डेल पाय मोडून घेईल. डोळ्यांत पाणी होतं पोराच्या. सोमवारी तुला त्याचं नाव सांगितलं नाही, तुमच्यात वितुष्ट नको म्हणून. मी म्हटलं आत ये. ती कोंबडी माझ्या बायकोनं आणि मी मिळून संपवली, खोटं कशाला बोलू!"

कोच हसले, त्याच्या खांद्यावर थोपटून पुढं गेले.

कॉर्डेल तिथंच उभा राहिला. त्याच्या मनात राग आला असता तर बरं झालं असतं. आली ती नुसती मोजदाद. रविवारी गेला. सोमवारी मी आईवर ओरडलो. सोमवारी संध्याकाळी तो वही घेऊन आला. मंगळवारी आला. बुधवारी आला. पुढच्या रविवारी तिच्या घरी जाऊन जेवला.

गुरुवारी तो आईकडे गेला. ती स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा मोडत होती. तो समोर बसला, शेंगा घेऊन मोडू लागला.

"आई, तू नव्हतीस. लॅमॉन्टनं सांगितलं. मी तुला नको ते बोललो."

"मीच पाठवला त्याला," अर्नेस्टीन म्हणाली.

त्याच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"इथंच उभा होता तो, त्या ओट्यापाशी. म्हणाला, मिस अर्नेस्टीन, मला भीती वाटते, हा पाय मोडून घेईल. मलाही तीच भीती. तुझ्या मामाचा पाय बघितलाय मी, त्याला तेवीस वर्षांपासून काठी लागते. मी म्हटलं, जा बाळा, सांग."

"आई!"

"थांब, पुरतं ऐक. मी तुला वचन दिलं होतं आणि मी ते मोडलं. चिठ्ठीनं नाही, जाणूनबुजून मोडलं. आगारात तू मला जे बोललास ते मला लागू होतं, म्हणून मी गप्प बसले. तुटलेली नाही म्हणालास तेव्हा पायांतलं बळच गेलं माझं. उगाच घालवली मी लेकाची जागा, असं वाटलं."

आईचा तेवढा एक कोपरा कॉर्डेलनं कालपासून सुरक्षित धरला होता, तोही गेला. मग नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "आणि कोच म्हणे तुझी कोंबडी खात बसले. त्या संध्याकाळी."

अर्नेस्टीनचे हात थांबले. "कोण कोच?"

"बॅस्किन. त्यांच्या घरी गेला ना तो. ताट घेऊन."

"मी त्याला कोचकडे नाही पाठवलं." ती सावकाश म्हणाली. "मी म्हटलं, त्या मुलीकडे जा. फिजिओकडे. मी नाव घेऊन सांगितलं. म्हटलं, कोचला इतक्यात कळू देऊ नको, ती आधी बघू दे, जागेला धक्का लागता कामा नये. तो म्हणाला, हो मिस अर्नेस्टीन, समजलं."

शेंगांचं पातेलं दोघांच्या मध्ये होतं. उजेड चांगला होता, चारचा. बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चाललं होतं.

"मला वाटलं, तिनं बघितलं आणि तिनंच कोचला सांगितलं," अर्नेस्टीन म्हणाली. "मी दहा दिवस तिला दोष देत होते. आणि स्वतःला."

"तो परवाच्या रविवारी इथं जेवला."

"दोन ताटं जेवला."

शुक्रवारी मिस ट्रॅमेलनं कॉर्डेलला मोकळं केलं. कोचनी त्याला दुसऱ्या फळीत घेतलं. शनिवारी गाव लोटलं. स्टेडियमबाहेर शेगड्या पेटल्या, बँड वाजला, म्हातारे माजी खेळाडू जुन्या जर्सी ताणून घालून आले. लॅमॉन्ट सुरेख खेळला. एकदाही क्वार्टरबॅकच्या पाठीला कुणाचा हात लागू दिला नाही. कॉर्डेलला शेवटी बारा डाव मिळाले. त्याही बारांत त्यानं कुणाला आत येऊ दिलं नाही, पण तोवर लोक खुर्च्या मिटू लागले होते. खेळ संपताच कोच बॅस्किननी सांगितलं, उन्हाळाभर हाच कागद. ऑगस्टात बघू.

अर्नेस्टीन तिसऱ्या पायरीवरून उतरून कुंपणापाशी आली होती. कॉर्डेल तिच्याजवळ उभा होता. लॅमॉन्ट लांबूनच हात पसरून धावत आला, घामानं निथळत, तोंडभर हसत.

"मिस अर्नेस्टीन! पाहिलंत?"

"पाहिलं. छान खेळलास." तिनं हात पसरले नाहीत. "लॅमॉन्ट, मी तुला कुणाच्या दारी पाठवलं होतं?"

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यानं कॉर्डेलकडे पाहिलं.

"मिस अर्नेस्टीन, रविवारी फिजिओची खोली बंद असते."

"सोमवारी पहाटे पाचला उघडते. मी विचारून आले."

"मला खरंच भीती वाटत होती. देवाशपथ. मी रडलो होतो त्या दिवशी, ते खोटं नव्हतं."

"रडलास ते मी पाहिलंय. मी दाराचं विचारतेय."

लॅमॉन्टनं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. बँडवाली पोरं वाद्यं गोळा करत बाजूनं जात होती. कुणीतरी "वा रे स्टिंसन!" म्हणून ओरडलं. त्यानं मागं न बघता हात वर केला.

"गाडी त्या वळणावर आली," तो खाली बघत म्हणाला. "डावीकडे कॉलेज, उजवीकडे कोचचं घर. मी डावीकडेच जाणार होतो. माझंही शेवटचंच वर्ष आहे, मिस अर्नेस्टीन. ओहायोत माझ्यासाठी कुणी पायरीवर बसत नाही. मला एकदा वाटलं आणि चाक वळलं. कॉर्डेल, तू माझ्या जागी असतास तर तूही हेच केलं असतंस."

अर्नेस्टीननं लेकाकडे पाहिलं. ती त्याची बाजू घेऊन बोलली नाही.

"मला माहीत नाही," कॉर्डेल म्हणाला. "तुझं असं काही माझ्या हातात कधी आलं नाही. आलं असतं तर कदाचित माझंही चाक वळलं असतं. जागेचं मी तुला काही म्हणत नाही. जागा मी ऑगस्टात घेईन, नाहीतर नाही घेणार. पण मी दहा दिवस आईशी बोलत नव्हतो. का बोलत नव्हतो, ते तुला माहीत होतं. तू माझ्या पलंगावर बसून माझ्याकडून शिकत होतास, आणि तिच्याकडे जाऊन जेवत होतास, आणि दोघांनाही एक शब्द बोलला नाहीस."

"बोलणार होतो."

"कधी?"

पलीकडे फोटोवाला पहिल्या फळीला हाका मारत होता. पाचपैकी चारजण उभे राहिले होते, डावं टोक मोकळं होतं.

"मिस अर्नेस्टीन," तो शेवटी म्हणाला, आवाज अगदी बारीक, "उद्या रविवार आहे."

अर्नेस्टीननं आयुष्यात कुणाला जेवायला नाही म्हटलेलं नव्हतं. तिचे ओठ हललेसुद्धा. पण ती थांबली आणि तिनं कॉर्डेलकडे बघितलं, निर्णय त्याच्याकडे सोपवून.

"चर्चला ये," कॉर्डेल म्हणाला. "आमच्याच बाकावर बस. चर्च काही आमच्या मालकीचं नाही. घरी येऊ नकोस."

"बरं," लॅमॉन्ट म्हणाला. फोटोवाल्यानं पुन्हा हाक मारली. खेळ संपून अर्धा तास झाला होता, तरी त्यानं हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा हनुवटीखाली घट्ट आवळला, आणि मग त्या चौघांकडे चालत गेला.